घडियाची हाक

लिंबाजीने ऐरण पालथी घातली ही बातमी केशरला मिळाली, तेव्हा ती नाशिकच्या भाषा-संजीवन केंद्रात झेंडूच्या माळा कुठे लावायच्या यावरून मांडववाल्याशी वाद घालत होती. दोन दिवसांनी केंद्राचा समारंभ होता. मरायला टेकलेली एक बोली यंत्राने उठवून बसवली म्हणून दिल्लीहून पाहुणे यायचे होते. बोली धडधाकट असते तेव्हा तिच्याकडे कुत्रं फिरकत नाही. ती आचके द्यायला लागली की सगळे हार घेऊन धावतात.

फोनवर आत्या होती. मथुरा, लिंबाजीची थोरली बहीण.

"केशर, तुह्या बानं भट्टीवर पानी वतलं गं. ऐरण पालथी घातली अन् तोंड फिरवून निजला."

"कोण गेलं आत्या?"

"कोनी गेलं न्हाई. त्यानं सोताची पालथी घातली."

"स्वतःच्या हाताने? कामून?"

मागे शेळी ओरडत होती. मग आत्या म्हणाली, "तो म्हनतो, म्या त्याला हाक मारली. म्या तर बाजारात व्हते. म्या कामून मारीन माझ्या भावाला हाक? सांग की तू."

केशरने हातातली माळ मांडववाल्याच्या हातात दिली. ती हाक कोणी मारली हे या जगात एकट्या तिलाच ठाऊक होतं.

आता ही हाक काय चीज आहे ते सांगायला हवं.

केशरची माणसं फिरते लोहार. गाढवांवर भाता आणि ऐरण लादून गावोगाव हिंडायचे, वेशीबाहेर पाल ठोकायचे, खुरपी-कुऱ्हाडी घडवून पुढे जायचे. आपसात जी बोली बोलायचे तिला त्यांनी कधी नाव दिलं नव्हतं. नाव केंद्राने दिलं, पालबोली. त्या बोलीत लोहाराला म्हणतात घडियो. गावच्या पाटलाने 'ए लोहार' म्हणून कितीही ओरडावं, पण आपल्या माणसाने आपल्या बोलीत घडियाला लांबून हाक मारायची नाही. काम असेल तर पालाशी जायचं, लोखंडावर लोखंड वाजवायचं आणि उभं राहायचं. हाक एकदाच मारायची, तो मेल्यावर. घरातली थोरली बाई गार ऐरणीवर घण टेकवते आणि म्हणते, "घडिया रे!" म्हणजे आता भट्टी सोड, ऊठ, चल. मग ऐरण पालथी घालतात आणि ती भट्टी पुन्हा पेटत नाही.

केशरने ती हाक एकदा ऐकली होती. आजोबा गेले तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची असेल. आजीच्या तोंडून तो आवाज निघाला आणि पालातली सगळी बायामाणसं खाली बघायला लागली. पोरीच्या अंगावर काटा आला होता. असला काटा माणूस विसरत नाही. विसरल्याचं सोंग मात्र करता येतं, आणि शिकलेल्या माणसाला ते जास्त चांगलं जमतं.

वडिलांकडे मानवतला जाणाऱ्या रात्रगाडीत केशरला झोप लागली नाही. तिने केलेलं काम तिला आठवत राहिलं.

केंद्राचं यंत्र मुळात आपल्याकडच्या बोलीसाठी बनलंच नव्हतं. रशियाच्या पश्चिम टोकाला, समुद्राकाठच्या काही खेड्यांत इंग्रियन नावाची भाषा आहे. ती बोलणारी माणसं म्हातारी होऊन एकेक करून संपत चालली होती. त्या भाषेत लोहाराला म्हणतात सेप्पॅ. लोहाराचा म्हणजे सेपॅन. लोहाराकडे म्हणजे सेपॅल्ले, लोहाराकडून म्हणजे सेपॅल्त. एकेका नामाची अशी रूपं मोजायला बसलं तर पान भरतं. जुन्या ध्वनिफितींवर 'लोहाराकडे' होतं, पण 'लोहाराकडून' कुणी बोललंच नव्हतं. कारण कुणी विचारलं नव्हतं, किंवा त्या म्हातारीला त्या दिवशी लोहाराकडून काही आणायचं नव्हतं.

यंत्र करतं ते असं. ज्या शब्दांची रूपं सापडली आहेत त्यांतून ते भाषेची चाल शिकतं. कुठे अक्षर दुप्पट होतं, कुठे आवाज ओढला जातो, शेजारच्या नात्यातल्या भाषा अशा वेळी काय करतात. मग सापडलेल्या दोन-तीन रूपांवरून उरलेली सगळी घडवतं. सेप्पॅची घडवली. नंतर एक जुनी फीत सापडली, यंत्राला कधीच न ऐकवलेली. तिच्यात एक कोळी लोहाराची गोष्ट सांगत होता. यंत्राने अंदाजाने घडवलेली रूपं त्याच्या तोंडातून जशीच्या तशी निघाली. जगभरच्या भाषापंडितांनी टाळ्या वाजवल्या.

त्याला जोडून आवाजाचं यंत्र आलं. एखाद्या माणसाचं थोडं बोलणं त्याला ऐकवलं की तो माणूस आयुष्यात जे वाक्य बोलला नाही, तेही ते त्याच्याच आवाजात, त्याच्याच खोकल्यासकट बोलतं.

नाशिकला बसून केशरने या इंग्रियन लोहारावर वर्षभर काम केलं. घडियाची पोरगी परदेशातल्या सेप्पॅची रूपं लावत बसली होती. आपल्या बापाच्या धंद्याचा शब्द तिने कॉलेजात असताना कधी कुणापुढे उच्चारला नव्हता. 'वडील काय करतात?' 'फॅब्रिकेशन.' शेवटी तिला लाज वाटली म्हणा, की संधी दिसली म्हणा, तिने आपल्या बोलीचा प्रस्ताव मांडला. दोन्ही खरं होतं. वस्तीत अस्खलित बोलणारी आत्या उरली होती आणि बा. बा रेकॉर्डरपुढे बसायला तयार नव्हता. आत्या बसली.

आत्या मोकळी बाई. घण मारून मारून खांदे पुरुषासारखे झालेले, कारण या लोकांत सांडशी धरणारा पुरुष आणि घण मारणारी बाई. तिने सगळं दिलं. शिव्या दिल्या, लग्नातल्या गमती दिल्या, भात्याच्या प्रत्येक भागाचं नाव दिलं. घडियो, घडियाने, घडियाकने, अशी लोहाराची सगळी रूपं सांगितली. मग केशरने विचारलं, "आणि घडियाला हाक मारायची तर?"

आत्याने तिच्याकडे पाहिलं. मग उठली. "शेळीला पाला टाकते," म्हणाली, आणि गेली. परत आल्यावर दुसऱ्याच विषयावर बोलायला लागली.

तक्त्यातला तो रकाना रिकामा राहिला.

इथे यंत्राचा दोष सांगितला पाहिजे. इतकं हुशार यंत्र, पण गप्प बसणं हे उत्तर असू शकतं हे त्याला कळत नाही. कुणी न विचारल्यामुळे रिकामी राहिलेली जागा आणि कुणीतरी जाणूनबुजून रिकामी ठेवलेली जागा, त्याच्या लेखी दोन्ही सारख्याच. भोक दिसलं की बुजवायचं. ते कळायला शेजारी माणूस लागतो, आणि शेजारी केशर होती.

पडद्यावर प्रश्न आला होता. 'नोंद नाही. अनुमानाने भरावे काय?'

तिने आठवडाभर त्याला हात लावला नाही. मग संचालिका केळुसकर मॅडम तिच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. "केशर, एवढा सुंदर तक्ता आणि मधोमध हे दात पडल्यासारखं काय? पाहुणे पहिलं बोट तिथेच ठेवतील."

"मॅडम, ते रूप वापरत नाहीत बहुतेक."

"बहुतेक म्हणजे? तुझीच भाषा ना ती?"

असं विचारलं की तिचं नेहमी व्हायचं तेच झालं, कान तापले. आजीची हाक, पालातली खाली गेलेली डोकी, हे सगळं त्या वातानुकूलित खोलीत सांगायचं म्हणजे पुन्हा एकदा पालातली पोर व्हायचं. मॅडमनी 'किती इंटरेस्टिंग!' म्हटलं असतं आणि त्यावर एक निबंध लिहायला लावला असता.

"नक्की नाही आठवत," केशर म्हणाली आणि 'हो' वर बोट ठेवलं.

यंत्राने क्षणात घडवलं. घडिया रे. अगदी बरोबर घडवलं, सुरासकट.

वस्ती मानवतच्या बाहेर, पाथरी रस्त्याला. पालं जाऊन पत्र्याची घरं आली तरी लोक घराला पालच म्हणत. बालवाडीसमोरच्या खांबावर केंद्राचा डबा बसवला होता. पोरांनी त्याचं नाव बोलकी ठेवलं होतं. रोज सकाळी तो मथुराआत्याच्या आवाजात पोरांना पालबोलीचा धडा द्यायचा. चार महिन्यांत पोरं खरोखर बोलायला लागली होती, हे नाकारून चालणार नाही. नवा धडा होता 'माणसांना हाक मारा'. मास्तरला, आईला, कुंभाराला आणि घडियाला.

त्या सकाळी लिंबाजी तणयंत्राच्या पात्याला पाणी देत होता. हल्ली शेतात तण काढायला यंत्रं फिरत, पण त्यांची पाती बोथट झाली की लिंबाजीकडेच येत. तापलेलं पातं पाण्यात जायच्या बेतात होतं आणि खांबावरून बहिणीच्या आवाजात हाक आली. "घडिया रे!" एकदा, दोनदा. पोरं मागून ओरडली. लिंबाजीने पातं तसंच खाली ठेवलं आणि घागर भट्टीवर पालथी केली.

केशर पोचली तेव्हा आत्या घराबाहेर, शेळीच्या खुंट्याशी बसली होती. तिच्या आसपास कुणी नव्हतं. नळावरच्या बायका हंडे घेऊन तिच्या अंगावरून जात होत्या, पण कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. जिवंत भावाला हाक मारणारी बाई. त्यांच्यात याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही.

"आत जाऊ देईना गं मला," आत्या म्हणाली. "लहानपनी याला खांद्यावर घेऊन म्या चार जिल्हे चालले. आता म्हनतो, तोंड दावू नको."

केशर आत गेली. बा खाटेवर बसला होता. अंगात ताप नाही, श्वास नीट. तालुक्याचा डॉक्टर तपासून गेला होता, काही नाही म्हणाला होता. कोपऱ्यात ऐरण पालथी पडली होती, चिखलात पडलेल्या म्हशीसारखी.

"आलीस? बस. आता काय, वाट बघायची."

"बा, तो डबा होता. यंत्र आहे ते. आत्या बाजारात होती."

"मला येडं समजतीस का? डबा हाय ते मला कळत न्हाई? रोज ऐकतो म्या." तो हसला सुद्धा. "मथुरा माझ्यासंगं भांडली की मंग डब्याला इचारतो, बाई, आता तरी गप बसशील का? मला डब्याचं काही न्हाई. पर डब्यात जे हाय ते मथुरानं दिलेलं हाय ना?"

"हो, पण..."

"मंग ही हाक बी तिनंच दिली. न दिलेला शबुद डबा कुठून आनील? तू पैशे देत व्हतीस, ती बोलत व्हती. बोलता बोलता तिनं हाक बी इकली. माझी हाक. शिल्लक ठेवायची ती खर्चून टाकली." त्याने पालथ्या ऐरणीकडे बघितलं. "मरायचं मला काही न्हाई वाटत. पर तिनं इकावी?"

दाराबाहेर आत्या हे ऐकत होती. शेळीच्या गळ्यातली घंटी वाजायची थांबली होती.

केशरला वाटलं होतं, बा यंत्राला घाबरला असेल. त्याची समजूत घालू, एक फिरवाफिरवीचं उत्तर देऊ. 'बिघाड झाला होता' हे वाक्य ती गाडीत पाठ करून आली होती. पण बाला यंत्राचं भय नव्हतंच. त्याचा हिशेब सरळ होता आणि त्यात एकच चूक होती. ती चूक दुरुस्त करायची तर यंत्र कसं चालतं ते सांगावं लागणार होतं. आणि ते सांगत गेलं की शेवटी स्वतःचं बोट येणार होतं.

खिशातला फोन थरथरला. केळुसकर मॅडम. निघताना तिने त्यांना हाकेचं कळवलं होतं. केशर दारापाशी जाऊन बोलली.

"हे बघ, मी ते रूप डब्यातून काढून टाकायला लावलंय," मॅडम म्हणाल्या. "आजपासून बोलकी तो शब्द उच्चारणार नाही. वडिलांना सांग, तांत्रिक अडचण होती. आणि उद्या सकाळपर्यंत ये. मंचावर मला त्या समाजातलं कुणीतरी हवंय."

"पोरं शिकलीत मॅडम ते."

"पोरं विसरतील."

समोर बालवाडीच्या ओट्यावर दोन मुली ठिकरीचा खेळ खेळत होत्या. एक दुसरीला बोलवत होती, "घडिया रे, तुझी पाळी!" डबा खांबावर मुका होता. म्हणजे चार महिन्यांत पोरांनी डब्याच्या मदतीशिवाय, आपणहून, खेळात ओढून घेतलेला शब्द कोणता, तर हा.

"मी येत नाही," केशर म्हणाली आणि फोन बंद केला. ते तरी सोपं होतं. ती आत वळली.

"बा, आत्याने हाक दिली नाही. मी विचारली होती. ती उठून शेळीला पाला टाकायला गेली."

"मंग डब्यात कशी आली?"

"यंत्र घडवतं. दिलेल्या शब्दांवरून न दिलेले घडवतं. तू मोडकी कडी बघून पुढची साखळी ओळखतोस ना, तसं."

लिंबाजी बिनडोक नव्हता. "म्हंजे कुनी दिला नसला तरी शबुद तयार करतं. आपल्या आपन?"

इथे थांबता आलं असतं. 'हो, आपल्या आपण.' आत्या सुटली असती, केशर सुटली असती, यंत्राला फाशी देऊन सगळे मोकळे झाले असते. तिच्या जिभेवर ते आलंही.

"नाही," ती म्हणाली. "आधी विचारतं. भरू का म्हणून."

"कुनाला इचारतं?"

"मला विचारलं."

"रिकामं ठेवता येत नव्हतं?"

"येत होतं."

"तुला ठाव नव्हतं, ते काय हाय?"

"ठाऊक होतं बा. आजोबांच्या वेळी मी तिथेच होते. तुझ्या मांडीला चिकटून."

लिंबाजी ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त मान हलवली, एखादा जोड नीट बसत नाही हे कळल्यावर हलवायचा तशी.

"मंग कामून?"

याला उत्तर होतं. फॅब्रिकेशन, तापलेले कान, खुर्चीमागे उभी राहिलेली बाई. पण बापासमोर ते मांडायला गेल्यावर तिला ते इतकं फुटकळ वाटलं की ती खाली बसली आणि रडायला लागली. रडण्यानेही कुणाची सुटका होत नाही हे कळत असताना रडायला लागली.

"मथुरे," लिंबाजी दाराकडे तोंड करून म्हणाला, "चहा टाक. साखर जरा बरी टाक."

बाहेरून लगेच उत्तर आलं, "साखर हाय कुठं घरात? कालपासनं मला आत घेत न्हाईस, आन कोन टाकनार?" आणि आत्या पदराने नाक पुसत आत आली, भावाकडे न बघता चुलीकडे गेली.

मग लिंबाजी केशरला म्हणाला, "हाक तुह्या हातची. मंग रीत बी तुह्याकडं. ज्यानं हाक मारली त्यानं पोचवेस्तोवर बसायचं. बोलावलेल्या मानसाला एकटं टाकून जायचं न्हाई."

"बसते," केशर म्हणाली.

नाशिकला समारंभ झाला. पडद्यावर पूर्ण भरलेला तक्ता दाखवला म्हणे, टाळ्या झाल्या. केशरच्या जागी दुसरी कुणीतरी मुलगी नऊवारी नेसून उभी केली.

आणि बोलावलेला माणूस काही मरेना.

पावसाळा सरला, थंडी आली. लिंबाजी भाकरी खायचा, आत्याशी भांडायचा, खाटेवर बसून बोलायचा. बोलावलेल्याने बोलायचं आणि बोलावणाऱ्याने ऐकायचं, ही रीत त्यानेच नव्याने पाडली. तो पालबोलीत बोलायचा. पहिल्यांदा केशरला अर्धंच कळायचं, मग बरंच कळायला लागलं. एकदा तिचा हात फोनच्या रेकॉर्डरकडे गेला आणि विस्तवावरून काढावा तसा तिने तो मागे घेतला. रात्रंदिवस तिच्या मनात एकच चालायचं. हा माणूस तीस वर्षं घडवत होता, आता हात मांडीवर ठेवून बसलाय, आणि ते हात मी तिथे ठेवलेत. तणयंत्रवाले पाती घेऊन येत, थंड भट्टी बघून परत जात. परभणीला नवी पाती मिळतात, असं सांगत. तिने एकदा विचारलं होतं, "बा, परत पेटवता नाही येणार?" तो नुसता 'छ्या' म्हणाला होता.

थंडीतल्या एका सकाळी पोरं बालवाडीला निघाली. त्यातली एक, शेंबडी, दोन वेण्यांची, दारात थांबली आणि 'राम राम' म्हणावं तसं आनंदाने ओरडली, "घडिया रे!"

आत्या चहा गाळता गाळता वळली. केशर दाराकडे धावली, पोरीला गप्प करायला. पण त्या चेहऱ्याकडे बघून तिला काही म्हणवेना. काय सांगणार होती? की बाई, ही बोली बोल, पण तुला येतो तो एक शब्द सोडून?

"थांब," लिंबाजी मागून म्हणाला. "ही हाक माझी न्हाई."

"बा, पोर आहे, तिला..."

"पोर असू दे, न्हाईतर डबा असू दे. मला एकदा बोलावून झालं. एका मानसाला दोनदा बोलावत न्हाईत." तो खाटेवरून वाकून केशरकडे बघत होता. चेहऱ्यावर हसू नव्हतं. "मंग या घरात दुसरं कोन हाय, जिला ही हाक आली?"

दारातली पोर उत्तराची वाट बघत उभी होती.

"हाक आली तर काय करायचं असतं?" त्याने विचारलं. धड्यातला प्रश्न विचारावा तसा.

"ऐरण पालथी घालायची."

"मंग घाल."

"ती तर पालथीच आहे, बा."

"ती माझी पालथी हाय. तुह्यी कुठं मांडलीस अजून?" त्याने कोपऱ्याकडे बोट केलं. "पालथी घालायची तर आधी सरळ मांडावी लागती. तापवावी लागती. धा-वीस वर्सं तिच्यावर काही घडवावं लागतं. मंग घाल की पालथी, कोन नको म्हनतं?"

आत्याने चहा खाली ठेवला. ती भिंतीशी गेली आणि टेकवलेला घण उचलून हातात तोलायला लागली.

केशर ऐरणीपाशी बसली. लोखंड बर्फासारखं होतं. तिने दोन्ही हात खाली घातले, खांदा लावला आणि जोर केला. ऐरण जागची हलली नाही. तिने पुन्हा जोर केला. दारातून ती पोर आणखी मोठ्याने ओरडली, या वेळी घरातून उत्तर येणारच अशा खात्रीने.

"ओ," केशर म्हणाली.